नाथाजीनं लिहिलेली नावं

नाथाजीचं आणि माझं कधीच जमलं नाही. मेढ्याचा हा माणूस फौजेत सिग्नलला होता. पेन्शनीत आल्यावर सांगलीत आमच्या हळदीच्या पेढीवर नेटवर्क सांभाळायला आला. मी तिथला जुना दिवाणजी, पण हा मला कधी नमस्कारसुद्धा घालायचा नाही. पेढीत नवा कॉम्प्युटर आला, की तो त्याला आयपी नंबर द्यायचा आणि त्याच दिवशी त्या नंबरापुढं वापरणाऱ्याचं नाव नोंदवायचा, फौजी ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं नाव घालतात तसं. आम्ही हसलो तरी ढिम्म.

मार्चमध्ये सौद्याच्या दरांची फाईल उडाली. मालक जयराजरावांनी नव्यानं लागलेल्या श्रद्धाला सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. "हिला फाईल उडवताना मी डोळ्यांनी बघितलंय," असं मीही ठोकून दिलं.

नाथाजीनं सर्व्हर उघडला. फाईल जिथून उडवली, त्या मशीनचा नुसता नंबर तिथं होता. त्यानं रिव्हर्स डीएनएसला, म्हणजे नंबरावरून नोंदवलेलं नाव शोधून देणाऱ्या सोयीला, तो नंबर दिला. पडद्यावर नाव आलं: जयराज-केबिन.

"ते नाव तूच लिवलंयस की रं!" मालक ओरडले.

"व्हय. मशीन बसवलं त्याच दिवशी, तुमच्या म्होरं. केबिनची किल्लीबी तुमच्याच खिशात असती."

मालक खाली बसले. नाथाजी माझ्याकडं वळला.

"आन् दिवाणजी, तुमी हिला कुठं बघितलंत म्हणालात?"