खोट्या विटाळाची पाच वर्षं

श्रावणातला सोमवार होता. गंगाखेडच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी एका पोत्यावर 'बाजूला' बसले होते... आणि ते बसणं निव्वळ खोटं होतं.

तरुण मित्रमैत्रिणींसाठी सांगते. पाळी आली की आमच्याकडे बाईनं चार दिवस स्वयंपाकघर आणि देवघर वर्ज्य मानायचं, वेगळ्या ताटात जेवायचं, कुणाला शिवायचं नाही. मला पाळी कधीच आलेली नव्हती. तेव्हा माझं वय बावीस होतं.

सतराव्या वर्षी परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तीन महिने गोळ्या दिल्या होत्या. काहीच घडलं नाही, तेव्हा मोठ्या इस्पितळात तपासण्या करा म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. आईनं ती चिठ्ठी चुलीत घातली आणि त्याच महिन्यापासून मला बाजूला बसवायला सुरुवात केली... शेजारणींच्या डोळ्यांसाठी.

मी कोणतंही काम अर्धवट करणारी नव्हे. दर अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी, न चुकता, मी त्या पोत्यावर जाऊन बसत असे. पाच वर्षांत एका दिवसाचाही फरक पडू दिला नाही, आणि या नेमकेपणाचा मला चक्क अभिमान होता.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. बंद पुकारला की एसटी थांबायची आणि मी घरी अडकायचे. एरवी परभणीला राहून शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करत होते; पोत्याचा दिवस आला की मात्र घर गाठायचे. सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारीच्या कोवळ्या मुळांमधली गुणसूत्रं मोजणं हे माझं काम... वीस, प्रत्येक वेळी वीस.

आनुवंशिकीच्या एका पुस्तकात मला एक परिच्छेद सापडला होता. दिसायला, वाढायला पूर्ण बाई. पण गर्भाशय नाही, अंगावर लव जवळजवळ नाही, आणि गुणसूत्रं मात्र पुरुषाची. बायका माझ्या नितळ हातांचं कौतुक करायच्या, ते आठवलं... मी पुस्तक मिटलं आणि दोन वर्षं ते पान पुन्हा उघडलं नाही. ज्वारीबाबत मी इतकी भित्री कधीच नव्हते.

त्या सोमवारी घरात ताडकळसच्या एका स्थळाची बोलणी चालली होती. आठ दिवसांत ती मंडळी मला बघायला येणार होती. गप्प राहिले तर एका घराची उघड फसवणूक होणार होती, आणि बोलायचं तर नेमकं काय, हेच मला ठाऊक नव्हतं... मी बाई आहे की नाही?

समोर काकू, म्हणजे माझी चुलती, वाती वळत होती. तिला अक्षरओळख नव्हती. साऱ्या गल्लीत नाक खुपसणारी बाई, असं मी तिच्याबद्दल केव्हाच ठरवून टाकलेलं होतं. ती उठली... आणि सरळ माझ्या पोत्यावर, मला चिकटून बसली.

मी दचकून बाजूला सरकले. आज तुझा उपास आहे, मला शिवू नकोस, असं काहीतरी म्हणाले.

"सरकू नगंस," ती हळूच म्हणाली. "इतकं टायमावर कुणालाच येत न्हाई, बाई. दोन दिस मागं, दोन दिस पुढं व्हायलाच पायजे. एवढी शिकलीस, अन् एवढंबी कळंना व्हय?"

तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शेजारणी कुजबुजू लागल्या की तीच काहीतरी रचून सांगायची... पोरीला गेल्या खेपेला परभणीतच लवकर आलं, ह्या खेपेला प्रवासानं लांबलं. मी जे खोटं निर्दोष करत होते, त्यात ती माणसासारख्या चुका घालत होती.

मग मी आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न मोठ्यानं विचारला. मी आहे तरी कोण?

"ते मला काय इचारतीस? आमची पोरगी हायेस, एवढं मला म्हाईत हाय. बाकीचं तू तपासून घे की. मी येते संगं."

एवढं बोलून ती उठली आणि आंघोळ न करता तशीच देवघरात गेली. आतून घंटीचा आवाज आला.

ताडकळसचं स्थळ तिनंच परतवलं, पोरीला अजून शिकायचंय या एका वाक्यावर. तिच्याबरोबर मी हैदराबादला दोनदा गेले, एकदा रक्त द्यायला आणि एकदा अहवाल घ्यायला. डॉक्टर मला वगळून तिच्याशीच बोलू लागले, तेव्हा मी अहवाल मागून घेतला आणि स्वतः वाचला.

शेहेचाळीस, एक्स वाय. माझं शरीर पुरुषी संप्रेरक तयार करत होतं, पण पेशींना त्याचा निरोप पोचतच नव्हता. म्हणून देह बाईचा घडला. शब्दन् शब्द समजला... पण मी कोण, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. 'आंतरलिंगी' हा शब्द फार वर्षांनी भेटला. आज मी स्वतःला बाई म्हणते आणि आंतरलिंगीही म्हणते, आणि या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी काकूला सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. अर्धंअधिक तिला कळलं नसावं. शेवटपर्यंत ऐकून तिनं एकच विचारलं, "दुखतं का गं कुठं?"

गोळ्या देणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, माझ्या आईनंसुद्धा, हे कधीच विचारलं नव्हतं.

काकूला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्याबद्दलचं माझं मत चुकीचं होतं, हे मला त्या बाकावर कळलं होतं. पण तिच्यासमोर ते कबूल करायला मला जमलं नाही... म्हणून आज इथे, तुम्हा सर्वांसमोर करते आहे.