तीस टन आणि चमचाभर पीठ

गोदीतल्या सगळ्यात उंच क्रेनवर एक बाई बसते, हे नव्याने आलेल्या माणसाला सांगून पटत नसे. मग कुणीतरी वरच्या काचेच्या केबिनकडे बोट दाखवायचं आणि तो मान दुखेपर्यंत बघत राहायचा. इतक्या वरून हेरून नेमकं उचलते म्हणून लोकांनी तिला घार नाव ठेवलं होतं. वय वाढलं तसं त्याला ताई चिकटलं आणि ती घारताई झाली.

काम सांगायला सोपं. जहाजावरचा लोखंडी कंटेनर चौकटीत पकडायचा, उचलायचा आणि खाली उभ्या ट्रेलरवर अशा बेताने टेकवायचा की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळू नये. पायाखाली काच, काचेखाली चाळीस मीटर पोकळी आणि पोकळीच्या तळाशी माणसं. चौदा वर्षांत तिच्या हातून कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

लपवत होती ते दुखणं. केबिनमध्ये संडास नाही. उतरायचं तर आधी उभ्या शिडीच्या चाळीस पायऱ्या, मग कुरकुरणारी लिफ्ट, मग गोदामाला वळसा. तोवर जहाज खोळंबतं आणि मुकादम वॉकीटॉकीवर कावतो. म्हणून तिने सकाळचं खाणं सोडलं, पाणी तोडलं. तरी पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, तोंडात फोड यायचे, दिवसातून पाच-सहा वेळा धावावं लागायचं. अंगातलं रक्त इतकं कमी की नखं कागदासारखी पांढरी. सहा वर्षांत तीन डॉक्टर झाले. एक म्हणाले, "बायकांचं चालायचंच." दुसरे म्हणाले, "काळजी करणं कमी करा." तिसऱ्यांनी लोहाच्या गोळ्या तेवढ्या बदलून दिल्या. गोळ्या पोटात जात होत्या, अंगी लागत नव्हत्या.

एके दिवशी सकाळच्या पाळीला शिडीच्या एकतिसाव्या पायरीवर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने कोपर पायरीत अडकवलं, कपाळ गार लोखंडाला टेकवलं आणि मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. हात सुटला नाही, एवढंच. मग एकेक पायरी चाचपत ती खाली आली आणि थेट मुकादमासमोर उभी राहिली.

"मी आज वर जात नाही."

"बरं, आज राहू दे. उद्या..."

"उद्याही नाही. डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर नाही. खाली माणसं असतात, मुकादम."

मुकादम तोंडाचा फाटका होता, पण त्या दिवशी त्याने नुसती मान हलवली. घारताईला गोदामातल्या टेबलावर बसवण्यात आलं. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर तपासायचे, खुणा करायच्या. काम सावलीतलं होतं, संडास दहा पावलांवर होता, आणि तिला ते एक दिवसही आवडलं नाही.

गोदीच्या दवाखान्यात तेव्हा एक नवी डॉक्टरीण आली होती. तिने गोळ्यांचा कागद हातात घेण्याआधी प्रश्न विचारले. काय खाता, कधी खाता, पोट कधीपासून, तोंडातले फोड कधीपासून. सहा वर्षांत हे कुणी एका बैठकीत विचारलं नव्हतं. मग रक्ताची एक वेगळी तपासणी झाली, मग मोठ्या दवाखान्यात घशातून नळी घालून आतड्याचा नखाएवढा तुकडा काढून पाहिला, आणि रिपोर्ट हातात आला.

"सिलिअ‍ॅक," डॉक्टरीण म्हणाली. "गव्हात, जवात आणि तशाच एक-दोन धान्यांत ग्लूटेन नावाचा चिकट भाग असतो. तो पोटात गेला की तुमचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर चालून जातं. नव्या टॉवेलवर कसे मऊ धागे उभे असतात? आतडं आतून तसं असतं, अन्न टिपून घेणारं. तुमच्या टॉवेलचं पोतेरं झालंय. गोळ्या लागू पडणार कशा?"

"औषध काय?"

"औषध नाही. गहू बंद. कायमचा."

"आणि मग मी वर जाईन?"

डॉक्टरीण हसली. "असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे विचारतात, केक कधी खाता येईल. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, बारावर आणा आणि तिथे टिकवून दाखवा, मी सही करते."

तेव्हा रक्त होतं सातच्या जरासं वर.

घारताईने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघर पालथं घातलं. तिच्या घरी माणसं तीन. ती, गणवेश शिवणारा शिंपी नवरा आणि तिची आई. नवरा गरीब स्वभावाचा. "म्हणजे ब्रेड माझ्या एकट्याचा?" एवढंच म्हणाला, आणि लगेच चूक कळून, "मी बाहेर पायरीवर बसून खात जाईन," असंही म्हणाला. लोण्याच्या डब्यात त्याच्या सुरीबरोबर ब्रेडचा चुरा जातो हे कळल्यावर त्याने आपला डबा वेगळा केला आणि त्याला खुणेची कापडी पट्टी शिवून बांधली. शिंप्याला दुसरं काय सुचणार?

आईचं प्रकरण अवघड होतं. आईने तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचं जेवण रांधलं होतं. निवृत्त झाली तरी तिची पळी निवृत्त झाली नव्हती. घरातली चूल तिच्या ताब्यात होती आणि तिथे ती कुणाचं ऐकत नसे.

"चारशे पोरं," आई म्हणाली. "एकाच्या पोटात दुखलं नाही. आणि माझ्या पोटच्या पोरीला माझं अन्न बाधतं?"

"तुझं नाही गं, गव्हाचं."

"गहू काय विष आहे? लहानपणी ताटं चाटूनपुसून खायचीस."

पण तिने ब्रेड वाढणं बंद केलं. भात, बटाटे, मका, अंडी, भाज्या. घारताईला हायसं वाटलं. महिन्याभरात फोड गेले. दुसऱ्या महिन्यात रक्त नवापर्यंत आलं. तिसऱ्या महिन्यात तिथेच अडलं. पोट पुन्हा बिघडायला लागलं, आणि डॉक्टरणीने रिपोर्टवर पेन टेकवलं. "गहू कुठून तरी जातोय."

"मी शिवलेलीसुद्धा नाही!"

"तुम्ही खाताय असं मी म्हणत नाही. जातोय म्हणते. शोधा."

घारताई हट्टाला पेटली. तिने एक वही केली. तोंडात जाईल ते लिहायचं, पोट काय म्हणालं ते लिहायचं. आधी कँटीन सापडलं. तिथले तळलेले बटाटे ती निर्धास्त खात होती, आणि आचारी त्याच कढईत पीठ लावलेले मासे तळत होता. तिने कँटीनचं खाणं सोडलं, डबा आणायला लागली. टेबलावरची मंडळी कुरकुरली. "आता आमच्याबरोबर बसायचंही नाही का, घारताई?" तिने डबा उचलून त्यांच्यातच आणून ठेवला. "बसायचं आहे. फक्त माझ्या डब्यात हात घालायचा नाही." एकाने गंमत म्हणून ब्रेडचा तुकडा तिच्या डब्यावर धरला, तेव्हा ती हसली नाही. तिने शांतपणे झाकण लावलं आणि त्या दिवशी उपाशी राहिली. पुन्हा तशी गंमत कुणी केली नाही.

तरीही आकडा हलेना.

मग आई आठ दिवस आपल्या बहिणीकडे गेली. घारताई आणि शिंपी यांनी मिळून कसंबसं शिजवलं. भात खाली लागला, भाजी अळणी झाली. पण वहीत पाचव्या दिवसापुढे लिहिलं गेलं, पोट शांत. सहाव्या दिवशीही शांत. आठव्याही. आई परत आली, तिने आपलं दाट, मखमली भाज्यांचं सूप केलं, आणि दुसऱ्या दिवशी गोदामातून घारताईला तीनदा पळावं लागलं.

वही समोर उघडी होती. तिने ती बराच वेळ वाचली. आईवर संशय घ्यायचा म्हणजे जिभेवर निखारा ठेवण्यासारखं होतं.

त्या दुपारी ती लवकर सुटली. स्वयंपाकघराच्या दारात आली तर आई पाठमोरी उभी. पातेल्यात सूप रटरटत होतं. आईने फळीवरचा मक्याच्या पिठाचा डबा बाजूला केला, मागचा छोटा डबा काढला, त्यातलं चमचाभर पीठ वाटीत कालवलं आणि हलक्या हाताने पातेल्यात सोडलं.

"आई, ते काय आहे?"

आई दचकली, पण ढवळायची थांबली नाही. "चमचाभर तर आहे. मक्याच्या पिठाने गिळगिळीत होतं गं. तुझ्या अंगावर मांस नाही. पाण्यासारखं सूप मी आजवर कुणाच्या पानात वाढलं नाही, तुझ्या वाढू?"

"किती दिवस?"

"सुरुवातीपासून," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "चमचाभरच."

घारताईच्या तोंडापर्यंत खूप काही आलं. इतके महिने गोदामात खुणा करत बसली होती ती. पण तिने ते सगळं गिळलं. गॅस बंद केला. "चप्पल घाल," म्हणाली. "माझ्याबरोबर चल."

आईने आजवर गोदी पाहिली नव्हती. मुलगी वर कुठेतरी बसते, एवढंच तिला ठाऊक. फाटकावर घारताईने तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं आणि आखलेल्या रेषेच्या अलीकडे उभं केलं. वर कंटेनर झुलत होता. खाली ट्रेलरपाशी दोन माणसं हात वर करून खुणा करत होती.

"ती केबिन माझी," घारताई म्हणाली. "हा डबा तीस टनांचा. खाली दोन माणसं, दोघंही लेकराबाळांची. ती शिडी दिसते? तिथे त्या दिवशी मला भोवळ आली. शिडीवर आली म्हणून मी एकटीच लटकले. खुर्चीत आली असती तर?"

आईने मान वर केली ती खाली आणलीच नाही. कंटेनर सावकाश उतरला, ट्रेलरवर धप्पकन टेकला, तशी ती मागे सरकली. चारशे मुलांचं रांधलेली बाई होती. उकळत्या पातेल्याजवळ मूल येऊ नये म्हणून तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून उभी राहिलेली. तिला आणखी समजावावं लागलं नाही.

"चमचाभराने एवढं होतं?" तिने विचारलं.

"चिमूटभरानेही होतं, आई."

घरी आल्यावर तिने छोटा डबा उचलला, शेजारणीला देऊन टाकला. चाळणी, लाटणं, पोळपाट, जुन्या पळ्या, सगळं गेलं. ते बघून शिंपी हळूच आपला ब्रेड घेऊन पायरीवर जाऊन बसला.

आणि मग आई इरेला पडली. गव्हावाचून रांधायचं तर तसं रांधू, पण वाईट रांधणार नाही, असं तिने जणू ठरवूनच टाकलं. सूप आता शिजलेला बटाटा घोटून दाट व्हायचं. तांदूळ आणि मक्याच्या पिठाचा पहिला ब्रेड विटेसारखा झाला, दुसरा कापताना रेतीसारखा सांडला, तिसऱ्याला पाहून शिंपी म्हणाला, "याने दार अडवता येईल." आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आठवडाभर शिलाई मशीनवरून उठला नाही. नवव्या खेपेचा ब्रेड मऊ झाला. घारताईने लोणी लावून तीन तुकडे खाल्ले. आई समोर बसून तिचं तोंड निरखत होती.

"कसा आहे?"

"चांगला."

"खरं सांग."

"थोडा कोरडा."

"मलाही तेच वाटलं," आई म्हणाली, आणि उठून दहाव्याच्या तयारीला लागली.

रक्त दहावर आलं. मग साडेदहा. अकरावर ते दीड महिना हटून बसलं, आणि त्या काळात घारताईच्या मनात येऊन गेलं की हे आता इतकंच. तरी ती सकाळी गोदामात जाण्याआधी गोदीच्या ऑफिसचा जिना पाच वेळा चढायची, मग सहा वेळा, मग दहा. पाय परत आपले व्हायला हवे होते. मुकादमाच्या निरोपाच्या समारंभात त्याने स्वतःच्या हाताने केकचा घास तिच्यापुढे धरला. "आजचा दिवस, घारताई. माझ्यासाठी." सगळे बघत होते. तिने त्याचं मनगट धरून हात हळूच परत वळवला. "तुमच्यासाठी वर जाईन, मुकादम. हे नाही खाणार." मुकादमाने घास स्वतःच्या तोंडात टाकला. चेहरा पडला खरा, पण जाताना त्याने तिचा हात हातात घेतला.

रिपोर्ट पालटायला दहा महिने लागले. बारा पॉइंट तीन. पुढच्या दोन तपासण्यांतही तेच. डॉक्टरणीने सही केली, आणि घारताईने ती शाई वाळेपर्यंतही धीर धरला नाही.

वरच्या खुर्चीवर तिच्या जागी बसलेल्याने गादी खाली केली होती. तिने ती आपल्या मापाची करून घेतली. पहिला कंटेनर उचलताना हात जरा जड पडला, दुसऱ्याला बरा, चौथ्याला जुनी सवय बोटांत आली. दुपारी तिने काचेवर पाय ठेवून डबा उघडला आणि खालचे ट्रेलर बघत निवांत जेवली. पोट गप्प होतं.

आता त्याला तीन वर्षं होतील. कँटीनमध्ये एक वेगळी कढई आहे. आईने स्वतः तिथे जाऊन आचाऱ्याची दोन तास शिकवणी घेतली, आणि आचारी अजून त्या शिकवणीची नक्कल करून दाखवतो. कढई मात्र तो कुणाला वापरू देत नाही.

परवा पाळी सुरू होताना एक वेल्डर क्रेनच्या पायथ्याशी घुटमळत उभा होता. धिप्पाड गडी, पण बोलताना नजर जमिनीला.

"ताई, माझंही पोट दोन वर्षं... लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मीही आजपासून गहू सोडू का?"

"नाही," घारताई म्हणाली. "आत्ता सोडलास तर तपासणीत काही दिसायचं नाही. खात राहा आणि आधी रक्त दे. दवाखाना नऊला उघडतो. डॉक्टरणीला सांग, मी पाठवलंय."

"उद्या जातो."

"आज जा. मी वरून बघतेय."

वेल्डरने मान वर करून केबिनकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागला. घारताईने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि ती लिफ्टकडे वळली.