घराणं न विचारणारी पेटी

भाचरांची ती आत्या, आणि एकही भाचरू नसलेल्या ऑफिसातसुद्धा आत्याच. वय त्रेपन्न. शीतगृहांच्या तापमानावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर ती बावीस वर्षं सी प्लस प्लसमध्ये लिहीत होती. त्या भाषेबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की माहेराला नावं ठेवल्यासारखा तिला राग यायचा.

त्या वर्षी नव्या कंपनीचे सेन्सर आले, सोबतचा कोड सीलबंद. आत्याच्या प्रोग्रॅममध्ये मात्र प्रत्येक सेन्सरला 'मी तापमापकाच्या घराण्यातला' असं आधी लिहून द्यावं लागे. दुसऱ्याच्या सीलबंद कोडात ते लिहिणार कसं? मग प्रत्येक नव्या सेन्सरसाठी मध्ये एक दुभाष्या क्लास, म्हणजे कोडचा वेगळा तुकडा, घालायचा. असे अकरा झाले होते. बारावा तिच्या अगदी जिवावर आला.

रविवारी भावाकडे मटार सोलताना तिनं हे गाऱ्हाणं वहिनीपुढे मांडलं. वहिनीही प्रोग्रॅमरच, पण गो भाषेतली.

"ताई, आमच्या दाराला, म्हणजे इंटरफेसला, घराणं लागत नाही," वहिनी म्हणाली. "तापमान सांगता येतं ना? मग या आत!"

"आमच्याकडेही करता येईल."

"तुमच्याकडे?" वहिनी खुदकन हसली.

ते हसणं आत्याला झोंबलं. सोमवारी सकाळीच ती कंबर कसून बसली. टेम्प्लेट म्हणजे साचा. कुठलाही प्रकार द्या, कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, त्याच्या मापाचा कोड बेतून देतो. त्या साच्यातून तिनं एक पेटी घडवली. आत दोनच गोष्टी: सेन्सरचा पत्ता, आणि त्याची कामं कुठे सापडतील याचा तक्ता. तक्ता साच्यानंच भरायचा. कंपायलरनं तीन पानं भरून चुका तोंडावर फेकल्या. मंगळवारीही तेच. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी कळलं, 'कॉन्स्ट' हा एवढासा शब्द राहून गेला होता. तो घातला, आणि सीलबंद सेन्सर निमूटपणे बोलला: उणे अठरा.

आत्यानं टाळ्याच पिटल्या.

"काय झालं, आत्या?" शेजारच्या टेस्टरनं विचारलं.

"अकरा जणांना घरी पाठवतेय!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणाकुणाला?"

"क्लासना रे बाबा!"

पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊनच भावाकडे गेली. वहिनीनं ओळ न् ओळ वाचली.

"भारीच केलंत, ताई. पण पेटीत नुसता पत्ता आहे. सेन्सरच मेमरीतून पुसला गेला, तर पेटी विचारणार कुणाला?"

आत्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आता वाजणार, असं वाटून भाऊ दारातूनच मागे फिरला. पण आत्याचा चेहरा एकदम खुलला.

"अगं, हे राहिलंच की! सरक जरा."

मग एकाच लॅपटॉपला डोकी लावून दोघी बसल्या. सेन्सरची प्रत पेटीनं स्वतःजवळच सांभाळायची, असं ठरलं. वहिनी खोदून खोदून विचारत होती, आत्या रंगात येऊन सांगत होती. भावानं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेला दोघी एका सुरात ओरडल्या, "थांब रे, कंपाइल होतंय!"