कणसरी तिसऱ्या मजल्यावर

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, ते मला आजही धड सांगता येणार नाही. त्या वर्षी त्याचा राग मात्र मला भरपूर आला होता. आम्ही वारली माणसं. बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला आमचा पाडा होता, पाड्याखाली भाताचा एक तुकडा होता. ऐंशी सालानंतर सरकारने तिथे कुंपण घातलं आणि आम्हाला सरकारी बिल्डिंगीत पक्की खोली मिळाली. लोक म्हणायचे, नशीब काढलंत. कसलं नशीब? तिसरा मजला, पाणी वर चढत नाही, आणि खोलीतच संडास. हंडा घेऊन जिने चढता चढता मी त्या नशिबाला रोज शिव्या घालायची.

माझं मी निभावून नेलं असतं. सासूचं काय करायचं? जन्मभर अनवाणी रानात फिरलेली बाई ती. तिला जिना उतरवेना, पाय सुजले, दिवसभर ती जिन्याच्या कठड्याशी बसायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीला आत घ्या, येणाजाणाऱ्याला अडचण होते. आत घेतलं की ती वर बघत बसायची. आमच्या घरदेवाची, हिरव्याची, टोपली आम्ही फळीवर ठेवली होती, आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर वरच्या बिऱ्हाडाचा संडास. वर कुणी साखळी ओढली की ही कपाळाला हात लावायची. टोपली दुसरीकडे ठेवायची म्हटलं तर त्या खोलीला दुसरीकडे असं काही नव्हतंच.

त्यातच दसऱ्याच्या पुढेमागे तिने भात सोडला. आमच्यात नवं पीक आधी देवांना दाखवतात, कणसरीला, म्हणजे धान्याच्या आईला, हात जोडतात आणि मगच तोंडात घालतात. आधी खाल्लं तर घरात दुखणं येतं. पाड्यावर हे सोपं होतं, भात डोळ्यांसमोर पिकायचा. इथे तांदूळ दुकानातून यायचा. एक दिवस नव्या तांदळाचा होतो तसा भात चिकट झाला आणि म्हातारीने घास तोंडातून काढून बघितला. "हा नवा आहे," म्हणाली. "देवाच्या आधी मी खाल्ला. म्हणून माझे पाय गेले." मी म्हटलं, "अगं आये, पाणी जास्त झालं माझ्याकडून." छे. ऐकेल तर शपथ. त्या दिवसापासून नुसत्या कोऱ्या चहावर राहिली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर ही टिकायची नाही. ते मला कळत होतं, तिला कोण सांगणार?

नवरा गोरेगावच्या तबेल्यात कामाला होता. तो बाजारातून नवा तांदूळ घेऊन आला. आईला म्हणाला, "हा दाखव देवाला आणि जेव बाई एकदाची." तिने पिशवीला हातसुद्धा लावला नाही. "कणसरी विकत आणत नाहीत. ती आपल्या पायांनी येते." मला रडूच फुटलं. शेत कुंपणापलीकडे गेलेलं, आणि आपल्या पायांनी येणार म्हणे, तिसऱ्या मजल्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसेना. तिला निजवून, दार ओढून मी पाण्याला गेले. नळावर भांडण झालं. भरला हंडा घेऊन मधल्या जिन्यावर टेकले आणि देवाला मोठ्याने म्हणाले, "मी हात टेकले. मारायची तर मार, जगवायची तर जगव. माझ्याने आता होत नाही." ही काही प्रार्थना नव्हती. मी वैतागले होते.

वर आले तर दार उघडं आणि म्हातारी उंबऱ्यात उभी. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी. चौकटीवर भाताच्या लोंब्यांची जुडी बांधलेली, आंब्याची पानं आणि रानातली कुरडूची फुलं लावून. मी विचारलं, "कुणी बांधलं?" ती म्हणाली, "आली ना गं." तिने चार लोंब्या ओढून घेतल्या, दाणे सोलले, हिरव्याच्या टोपलीपुढे ठेवले. उरलेले माझ्या हातावर देऊन म्हणाली, "भातात टाक." मी टाकले. ती जेवली. मी तिच्या ताटाकडे बघत बसले.

तेवढ्यात दारात एक माणूस आला, खांद्याला पिशवी, चेहरा ओशाळलेला. कोकणातून रात्रीच्या एसटीने आलेला. त्यांच्याकडे नवं भात दारावर बांधतात, ते बहिणीच्या दारावर बांधायला तो गावच्या शेतातल्या लोंब्या घेऊन आला होता. "मी चुकलंय, वहिनी," तो म्हणाला. "तायचा घर बाजूच्या बिल्डिंगीत. सगळ्यो बिल्डिंगी सारख्यो. दार ओढलेला दिसला, माका वाटला ताय कामार गेली, तां बांधून खाली गेलंय, थंय कळला बिल्डिंग चुकली." मी जुडी सोडायला हात वर केला. त्याने माझ्यामागे जेवणाऱ्या म्हातारीकडे बघितलं. "नको, नको. दाराक लागलेला नवां काडूचा नसता. आता तां तुमचा."

म्हातारीने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, चूक कळली, आता पुन्हा ताट सरकवणार. ती भिंत धरून उठली, जुडीतल्या अर्ध्या लोंब्या मोकळ्या केल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "बहिणीच्या दारावर बांध," म्हणाली. "आणि तिला सांग, कणसरी आधी आमच्याकडे जेवून आली."

म्हातारी पुढे बरीच वर्षं जगली. वरचा संडास तिथेच राहिला, पाणी काही वर चढलं नाही, आणि मी अजूनही देवाशी जिन्यावरच भांडते. फक्त हंडा आधी खाली ठेवते आणि हात जोडते.