ओढा साफ केला त्याची गोष्ट

चिंताक्काचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागायचं. बाई कपडे शिवायची, पण तिच्या घरात सुईपेक्षा काळजी जास्त चालायची. ब्लाउज शिवायला घेतला की "पुढच्या वर्षी अंगानं भरलीस तर?" असं म्हणून आत भरपूर कापड दाबून ठेवायची. गिऱ्हाईक तोंड फुगवून निघून जायचं. शेजारच्याला शिंक आली तरी ही काढा उकळायला घ्यायची. अशा बाईच्या भीतीला गावात कोण विचारतो?

तिच्या परसामागे ओढा होता. पलीकडच्या काठावर, अगदी वळणावर, दूधवाल्या भाऊंचा गोठा. मधून पाणी वाहायचं खरं, पण एका घरातलं भांडण दुसऱ्या घरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू यायचं, आणि दोन्ही घरं ते मन लावून ऐकायची.

ओढ्यात पिशव्या, बाटल्या, फुटकी टमरेलं यांचा खच पडला होता. त्यात चिंताक्काच्या मशीनखालच्या चिंध्याही होत्या, पण हे तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. तिच्या बहिणीचा मुलगा खोदायचं मशीन चालवायचा. तिनं त्याला फोन लावला.

"अरे, जगाची कामं करतोस, मावशीचा ओढा तेवढा साफ करून दे की! बघवत नाही रे."

आणि ती बहिणीकडे राहायला निघून गेली.

भाचा आज्ञाधारक. त्याच्या धंद्यात 'साफ' या शब्दाचा अर्थ एकच: आधी काहीतरी होतं, आता काही नाही. चिंताक्का परतली तर पिशव्या गायब, आणि त्यांच्यासोबत लव्हाळी, झुडपं, मुळं, दगडगोटेसुद्धा गायब. दोन्ही काठ तासून काढलेले.

"मी कचरा उचलायला सांगितला होता रे मेल्या!" पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून ती दबक्या आवाजात खेकसली.

"मावशी, कचरा हा शब्द तुझ्या तोंडून निघाला असेल तर माझं नाव बदल. तू म्हणालीस, साफ कर. केला."

निघाला नव्हता, हे तिलाही आठवलं.

गाव मात्र खूश. सगळ्यांत जास्त खूश दूधवाले भाऊ. काठावर येऊन ओरडले, "अक्का, बघितलंत का? पंचायतीला एकदाची जाग आली! ओढा कसा दाढी करून बसलाय नवरदेवासारखा!"

"हो ना," एवढंच चिंताक्का म्हणाली, आणि घाईनं घरात शिरली.

तेव्हापासून तिचे पाय शिलाई मशीनवर आणि डोळे खिडकीबाहेर. गोठ्याच्या कोपऱ्यातल्या खांबाखालून मातीचं ढेकूळ सुटायचं, पाण्यात 'डुबुक' व्हायचं, आणि सुई तिच्या बोटात जायची. त्याच कोपऱ्यात भाऊंची गाभण गाय बांधलेली. सांगावं तर भाऊ तडक पंचायतीला जाब विचारायला जाणार. मग सगळंच बाहेर येणार. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगते. भाऊ हात हलवून हसायचे, ही पण हसायची, आणि घरात येऊन कपाळाला हात लावायची.

एका दुपारी वरच्या डोंगरांवर आभाळ काळं झालं. इकडे थेंब नाही, पण ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढू लागलं. त्यातून फांद्या आल्या, कुणाची तरी एक चप्पल आली. चिंताक्का हातातलं कापड टाकून काठाकडे धावली.

"भाऊ, गाय बाहेर काढा! काठ सुटतोय!"

"परवा तुम्ही माझी पाण्याची टाकी फुटणार म्हणाला होतात. फुटली का?"

"तशी काळजी नाही हो ही!"

"मग कशी? नव्या फॅशनची?" असं म्हणून भाऊ बादली घेऊन आत वळले.

पाण्यात पुन्हा डुबुक झालं, या वेळी मोठं. चिंताक्कानं डोळे मिटले.

"पंचायतीनं नाही केलं ते! मी करवलं! माझ्या भाच्यानं माती धरून ठेवणारी सगळी मुळं उपटली, माझ्या सांगण्यावरून! आता तरी बघा हो खाली!"

भाऊंनी बादली ठेवली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग वाकून आपल्याच खांबाखाली पाहिलं. तिथं नुसती पोकळी होती.

गाय काही केल्या हलेना. पुलावरून वळसा घालून चिंताक्का धापा टाकत पोचली. भाऊ दावं ओढताहेत आणि ही मागून ढकलतेय, "चल गं बाई, चल माझे आई," असं चाललं. गाय दारातून बाहेर पडली आणि थोड्याच वेळात कोपरा खाली बसला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पत्रा लोंबकळत राहिला.

मग भाऊंच्या तोंडाचा पट्टा सुटला तो दिवेलागणीपर्यंत. चिंताक्काच्या माहेराचाही उद्धार झाला.

सकाळी ती भाच्याला कानाला धरून काठावर घेऊन आली, मशीनशिवाय. दोन्ही काठांवर मातीची पोती रचली, ओढ्याच्या वरच्या अंगाहून लव्हाळ्याचे गड्डे आणून रोवले. भाऊ आले, त्यांनी कुदळ उचलली. बोलणं बंद आणि काम चालू, असे कितीतरी दिवस गेले.

लव्हाळी जेमतेम उभी राहिली होती, तोच डोंगरांवर पुन्हा अंधारून आलं. पलीकडून हाक आली.

"अक्का... धरली असतील का हो मुळं?"

चिंताक्कानं वाकून एक गड्डा हळूच हलवून पाहिला.

"अजून नाही. गायी वरच्या अंगणातच बांधा."

"वरच बांधल्यात," भाऊ म्हणाले. आत मात्र कुणीच गेलं नाही. पाणी चढत होतं, आणि दोघं आपापल्या काठावरून त्या कोवळ्या पात्यांकडे बघत उभे राहिले.