कडी काढणाऱ्या ब्रेकबाई

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना चर्चची सगळी मंडळी ब्रेकबाई म्हणायची. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक होता. चर्चच्या बैठकीतही बाई तो दाबतात, अशी कमिटीची तक्रार होती. ठराव मंजूर होत आला की यांचा हात वर.

एकदा वरून आदेश आला, मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक चर्चने एक जबाबदार व्यक्ती नेमावी. नेमणुकीच्या बैठकीला बाई नेमक्या गैरहजर होत्या, म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. पद मिळालं की बाई त्यात रमतील आणि बाकीच्या बाबतीत गप्प बसतील, एवढाच कमिटीचा हेतू. त्यांच्या नावाची पाटीही लागली. छत्र्या ठेवायच्या कोपऱ्यात, दार उघडलं की झाकली जाईल अशी.

चूक एकच झाली, बाईंना प्रशिक्षणाला पाठवलं. इतर चर्चची माणसं जेवण करून पांगली. बाई शेवटपर्यंत बसल्या, आणि वर ऐकलेलं सगळं खरं मानून परत आल्या.

क्वायरचे, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचे सर म्हणजे मंडळीचा अभिमान. आवाज गोड, वागणं गोड, येताजाता आयांच्या गुडघेदुखीची विचारपूस. उपासना संपली की ते एकेका मुलाला मागच्या खोलीत नेऊन, आतून कडी लावून गाणं शिकवायचे. बाईंनी दार उघडं ठेवायला सांगितलं. सर हसून म्हणाले, वाऱ्याने गळा बसतो. पुढच्या रविवारी बाईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कडीच उतरवली.

झालं! तातडीची बैठक भरली. मुलांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सरांच्या भावनांवर मात्र चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. खजिनदारांचे तर डोळेच भरून आले. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांनी समजावलं की देवाच्या घरात संशय शोभत नाही.

“पाळकसाहेब,” बाई म्हणाल्या, “मी गाडीत प्रत्येकाला पट्टा लावायला सांगते. म्हणून काय प्रत्येकजण धडकणार असं मी म्हणते का?”

गाडीची गोष्ट वेगळी, असं ठरलं. सरांवर विश्वास दाखवणारा ठराव झाला, त्यांना पुष्पगुच्छ दिला, आणि कडीचा विचार करायला उपसमिती नेमली. अध्यक्ष अर्थातच सर. त्या खोलीची माहिती त्यांच्याइतकी कुणाला होती?

ही बातमी मंडळीत फिरली तशी एका मुलीच्याही कानावर गेली. ती लहानपणी क्वायरमध्ये गायची आणि एकाएकी गाणं सोडून बसली होती. आता कॉलेजात होती आणि बाईंकडे गाडी शिकत होती. सिग्नलला गाडी थांबली असताना, समोरच्या काचेवरून नजर न हलवता ती म्हणाली, “ती कडी तुम्ही काढलीत ना? मी आत होते तेव्हा कुणीच काढली नाही.”

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले. बाईंनी तिला गाडी कडेला घ्यायला लावली आणि इंजिन बंद करून ती सांगेल तेवढं ऐकलं. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. बाई इतका वेळ गप्प बसू शकतात, यावर मंडळीतल्या कुणाचा विश्वास बसला नसता. शेवटी एवढंच विचारलं, “आता तुला काय हवंय?”

“माझी मावसबहीण त्यांच्याकडे शिकते,” मुलगी म्हणाली. “ती त्या खोलीत जायला नको.”

त्याच संध्याकाळी मुलगी, तिची आई आणि बाई पोलीस ठाण्यात गेल्या. कमिटीला कळलं तेव्हा घरातली गोष्ट घरातच मिटवायला हवी होती, असा सूर निघाला. पाळकसाहेबांनी आधी सर्वांनी मिळून प्रार्थना करू म्हटलं. बाई म्हणाल्या, तक्रार नोंदवून झाली आहे, आता निवांत करू.

सरांना अटक झाली. पाठोपाठ आणखी दोन आया आपल्या मुलांना घेऊन बाईंच्या दारात आल्या. काहींनी मात्र बाईंकडचा क्लास सोडला. खजिनदारांच्या सूनबाई तर चौथा गिअर शिकायच्या आधीच गेल्या.

वार्षिक सभेत पाळकसाहेबांनी सांगितलं की आपली मंडळी मुलांच्या बाबतीत पहिल्यापासूनच सावध होती. टाळ्या पडल्या. मग कमिटीचा फोटो काढायचं ठरलं आणि मधल्या खुर्चीवर बसायला बाईंना निरोप गेला.

बाई तिथे नव्हत्या. मैदानाच्या कडेने त्या मुलीला गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या, आणि ते काही तिला अजून धड जमत नव्हतं.