उतारावर न्यूट्रल

डेपोत त्यांना सगळे टॉपगिअर म्हणायचे. नाव कौतुकानं पडलं की वैतागून, यावर डेपोत दोन तट होते. माणूस मनानं निर्मळ, पण बूड म्हणून एका जागी टिकायचं नाही. सिग्नल लाल झाला की स्टिअरिंगवर बोटं वाजवणार, जेवताना एक पाय दाराकडे. नोकरीच बस चालवायची मिळाली म्हणून बरं, नाहीतर या माणसानं घरच्यांच्या नाकी नऊ आणले असते.

त्यांना आयुष्यात एकाच माणसानं थांबवून दाखवलं, ती त्यांच्याच बसवरची कंडक्टरबाई. कंडक्टरनं एक घंटी दिली की ड्रायव्हरनं थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. टॉपगिअर स्टॉपवर इंजिन गुरगुरवत आरशातून मागे डोळे वटारायचे. पण म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या आया, सगळे नीट बसल्याशिवाय बाई डबल बेल देत नसत. "बूड टेकल्याशिवाय गाडी हलायची नाही," असं त्या मागून ठणकावून सांगत. या भांडणाचं पुढे लग्न झालं. लग्नानंतरही ते त्यांना बाईच म्हणत राहिले आणि संसार बाईंच्याच घंटीवर चालला.

निवृत्तीनंतर मात्र पारडं फिरलं. टॉपगिअरांच्या कमरेतली नस दबली. चार पावलं टाकली की पाय परक्याचे व्हायचे. त्यातून सावरतायत तोवर बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत होतं, समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. घरात एक पांगळा आणि एक मुकी, आणि लेक दिवसभर औषधांच्या दुकानात. शेवटी बाईंना टेकडीवरच्या शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागलं. लेकीनं त्या दिवशी गाडीत बसून रडून घेतलं आणि मग वडिलांना जवळजवळ रागानं म्हणाली, "रोज मला नेता येणार नाही, बाबा. तुमचं तुम्हाला जाता यायला हवं."

म्हणून ती विजेवरची गाडी आली. चार चाकं, पुढे टोपली, फिरती खुर्ची, रस्त्याच्या कडेनं चालणारी. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्याला सशाचं. ते बघून टॉपगिअरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढी मोठी बस चालवली मी, आणि आता खेळण्यात बसू?" पण बसले. पहिल्याच दिवशी बटण सशाकडे फिरवलं आणि तिथेच ठेवलं.

गाडीला ब्रेकचं पायडल नव्हतं. अंगठ्यानं पट्टी दाबली की गाडी चालायची, सोडली की आपोआप थांबायची. सोडलं की थांबणारी गाडी त्यांना मुळीच पटली नाही. शिवाय किल्ली बंद करून मगच चढायचं-उतरायचं, हा नियम त्यांनी कानावरून वाऱ्यासारखा जाऊ दिला. परिणामी एकदा उतरताना कोपर त्या पट्टीवर टेकलं आणि गाडी धन्याला अर्धवट लटकवत शेजाऱ्यांच्या फाटकावर जाऊन आदळली. फाटकाला पोचा पडला. लेकीनं शेजाऱ्यांची माफी मागितली, घरात आली आणि हात पुढे करून म्हणाली, "आणखी एकदा काही झालं ना, तर किल्ली माझ्याकडे. मग आईकडे रविवारी माझ्याबरोबरच यायचं."

रविवारी! म्हणजे आठवड्यातून एकदा. टॉपगिअरांची पाचावर धारण बसली. कारण बाई रोज दुपारी खिडकीशी खुर्ची लावून घेत, आणि हे पोचल्याशिवाय चहाचा कप ओठाला लावू देत नसत. नर्सनं कितीही विनवलं तरी नाही.

आता इतकं असताना हा माणूस तिथे पोचून काय करायचा? तर पोचायचा, चहा पाजायचा, खोलीतल्या खोलीत काठी टेकत फिरायचा, नळ टपकतो का बघायचा, घड्याळ बघायचा आणि "बरंय बाई, निघतो, बॅटरी कमी आहे," म्हणायचा. बाई डाव्या हाताच्या बोटानं खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक करत. डबल बेल. की हे निघाले.

बॅटरी कमी असायची हे खरंच होतं. पण का कमी असायची? चार्जर लावला की दिवा लाल होतो, भरली की हिरवा. तो हिरवा व्हायला मोप वेळ लागतो, आणि टॉपगिअरांना तेवढा धीर नाही. दिवा लाल असतानाच ते वायर ओढायचे. टायरमधली हवा त्यांनी गाडी आल्यापासून बघितली नव्हती, आणि मऊ टायरवर मोटर दुप्पट कण्हते, हे बस चालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तेच टायर बसचे असते तर डेपो डोक्यावर घेतला असता. पण या खेळण्याला काय बघायचं!

एके दिवशी गाडी चढावर मध्येच मेली. मागून एक पाववाला चालला होता. त्यानं खुर्चीमागे वाकून एक दांडा खेचला, गाडी एकदम हलकी झाली आणि त्यानं ती वरपर्यंत ढकलत नेली. टॉपगिअर आभार मानायचे विसरले. ते दांड्याकडेच बघत होते.

"हे काय केलंस रे तू?"

"काही नाही काका, मोटर सोडवली. त्याशिवाय ढकलता येत नाही. आता परत लावून ठेवा हां."

मोटर सोडवली! म्हणजे न्यूट्रल! टॉपगिअरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं. त्यांच्या पिढीचे सगळे ड्रायव्हर उतार दिसला की गाडी न्यूट्रलला टाकत. डिझेल वाचतं म्हणून. साहेब लोक ओरडत, नोटिसा लावत, आणि हे त्या नोटिसांसमोर चहा पीत. जित्याची खोड ती. त्या दिवसापासून केंद्रातून परतताना ते फाटकाबाहेर आले की किल्ली बंद करत, दांडा खेचत आणि टेकडी उतरत. करंट शून्य. कानाला वारा. डाव्या मुठीशी एक हातब्रेक होता, तो थोडा थोडा दाबत ते वळण घेत. आणि खरं सांगायचं तर त्या उताराच्या लोभानंच ते बाईंकडून आणखी लवकर उठू लागले.

बाईंना खिडकीतून सगळा रस्ता दिसायचा, अगदी खालच्या चौकापर्यंत. एक दिवस "बरंय बाई" झालं तरी त्यांनी डबल बेल दिली नाही. नुसतं एक बोट उचलून खिडकीकडे केलं. टॉपगिअरांना वाटलं, पडदा लावायचाय. पडदा लावून ते निघाले.

हातब्रेक रोज थोडा ढिला होत होता. मूठ आधी अर्धी दाबावी लागायची, मग पूर्ण. ते कळत नव्हतं असं नाही. दुरुस्तीवाल्याला फोनही केला. तो म्हणाला, "गाडी ठेवून जा काका, परवा मिळेल." परवा! म्हणजे उद्या बाईंना चहा कोण पाजणार? त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, अजून लागतोय की ब्रेक.

तो लागायचा थांबला तेव्हा ते वळणावर होते. मूठ पूर्ण दाबली, काही नाही. सवयीनं अंगठ्याची पट्टी सोडली. ती तर दाबलेलीच नव्हती. किल्ली फिरवली, पण मोटर सोडवलेली होती; गाडीनं नुसती शिट्टी मारली. खाली चौकात वाहनं आडवी पळत होती. चाळीस माणसं घेऊन घाट उतरलेला ड्रायव्हर, पण त्या क्षणी त्यांच्या मनात एकच गोष्ट आली: बाई बघतायत. त्यांनी हँडल डावीकडे दाबलं आणि केंद्राच्या कुंपणाच्या दाट झुडपात गाडी घातली. फांद्या मोडल्या, गाडी कलंडली, टॉपगिअर खांद्यावर पडले.

हाड मोडलं नाही. खरचटलं, खांदा सुजला. लोकांनी उठवलं तेव्हा त्यांनी मान वळवून वर बघितलं. खिडकीत बाई होत्या. त्यांचा डावा हात काचेवर आपटत होता. पुन्हा पुन्हा, एकेक करून. आवाज इथवर येत नव्हता.

लेकीनं किल्ली घेतली आणि गाडी दुरुस्तीवाल्याकडे टाकली. त्यानं टॉपगिअरांना फोनवर भरपूर सुनावलं. "अहो काका, या गाडीचा खरा ब्रेक मोटरमध्येच असतो. मोटर सोडवली की ब्रेकही सुटला. हातब्रेक नुसता उभ्या गाडीसाठी. त्याच्यावर टेकडी उतरलात? उतारावर पट्टी सोडली की ही गाडी जागच्या जागी उभी राहते, ते सोडून तुम्ही... टायर तर पापडासारखे झालेत."

"बस न्यूट्रलला टाकली तरी ब्रेक लागायचा," टॉपगिअर पुटपुटले.

"ही बस नाहीये."

मग सुरू झाले ते दिवस. टॉपगिअर खोलीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत. पाय परके झाले की बसायचे, बसले की उठायचे. दुपार झाली की जीव टांगणीला. आता खुर्ची लावली असेल. आता नर्स कप पुढे करत असेल. आता मान फिरवली असेल. केंद्रात फोन केला की नर्स म्हणायची, "नाही घेतला चहा. रोज खिडकीतच बसतात." त्यांनी लेकीची विनवणी केली, रागावून बघितलं, रुसून बघितलं. लेक म्हणाली, "मला वडीलही हवेत, बाबा. मी आईला विचारते. ती म्हणेल तसं."

रविवारी दोघं लेकीच्या गाडीनं वर गेली. दुरुस्त झालेली विजेवरची गाडी लेकीनं टेम्पोतून आधीच आणवून व्हरांड्यात ठेवली होती. टायर टणक, टोपलीत चार्जर. तिनं किल्ली आईसमोरच्या मेजावर ठेवली. "आई, तू सांग. देऊ यांना?"

बाईंनी किल्लीकडे बघितलंच नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, डोळे मात्र आरशात दिसायचे तसेच. टॉपगिअरांना ती नजर झेपेना. ते चहाचा कप उचलायला गेले, तो रिकामा निघाला. नळाकडे गेले, तो टपकत नव्हता. घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बरंय बाई, मी बाहेर थांबतो. तुमचं तुम्ही ठरवा."

टक.

एकच. ते दारात थांबले. वळले. बाईंचं बोट खुर्चीच्या दांड्यावर होतं.

"अगं, बाहेरच आहे मी."

टक.

काही सुचेना तेव्हा टॉपगिअर पलंगाच्या कडेला टेकले. लगेच उठायला लागले. टक. पुन्हा टेकले. लेक हळूच उठून बाहेर गेली, आणि दाराच्या फटीतून दिसलं की ती चार्जरची वायर व्हरांड्यातल्या सॉकेटमध्ये घालतेय. लाल दिवा लागला.

बसायला जागा नव्हती म्हणून नाही, की बॅटरी कमी म्हणून नाही. टॉपगिअर या खोलीत बसत नव्हते, कारण बसलं की समोर बघावं लागायचं. मागून ठणकावणाऱ्या त्या बाईचं हे असं तोंड, गप्प, एका बाजूनं ओघळलेलं. ते बघवत नव्हतं. उतारावर वारा लागला की विसरायला व्हायचं. हे त्यांना स्वतःला आज पहिल्यांदा कबूल करावं लागलं, आणि कबूल करताना ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बाईंनी डावा हात त्यांच्या सुजलेल्या खांद्यावर ठेवला आणि ठेवूनच राहिल्या.

मग ते बोलायला लागले. डेपोचं, शेजाऱ्यांच्या फाटकाचं, पाववाल्याचं, झुडपात पडताना काय वाटलं त्याचं. बाई हसल्या, अर्ध्याच ओठांनी. चहा आला, तो त्यांनी घेतला. सावल्या व्हरांड्यातून कुंपणाकडे सरकल्या. टॉपगिअर एकदाही उठले नव्हते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

लेक दारातून म्हणाली, "बाबा, दिवा हिरवा झाला."

"होऊ दे गं," टॉपगिअर म्हणाले. "बसलोय ना मी."

बाईंनी मेजावरची किल्ली बोटानं सरकवत त्यांच्यापुढे आणली. मग त्यांच्याकडे, पलंगावर नीट टेकलेल्या त्यांच्या सगळ्या देहाकडे एकदा वरून खाली बघून घेतलं, बस निघायच्या आधी बघायच्या तसं. आणि दांड्यावर बोट वाजवलं.

टक टक.